सौंसरच्या वाटेवरचा पाद्री

१८५४ सालचा जानेवारी. सौंसरच्या पुढे, रामाकोन्याच्या अलीकडच्या एका शिवारात तुम्ही तुरीच्या खळ्यावर उभे आहात. तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. हंगामाच्या दिवसांत खळ्यावर दोन हात जास्त आले तर ते हवेच असतात. तुमच्या हातात सूप दिलं जातं आणि तुम्ही कामाला लागता.

उत्तरेकडे सिलेवानीचा घाट धुक्यात आहे. आगगाडी नागपूरला पोचायलाच अजून तेरा वर्षं लागतील, मग या भागाची गोष्टच सोडा. या मुलखाचे राजे, नागपूरचे तिसरे रघुजी भोसले, ११ डिसेंबरला वारले. गादीला औरस वारस नाही. इंग्रज राज्य खालसा करतात की कुणाला दत्तक बसू देतात, याच्यापलीकडे खळ्यावर दुसरा विषय नाही. राज्य कुणाचंही येवो, तूर मात्र वेळेवर घरात आली पाहिजे. बैलांची दावन सकाळपासून गोल फिरते आहे.

दुपारी नागपूरकडून एक दमणी येते आणि बाभळीखाली थांबते. उतरतो तो छत्तिशीतला गोरा माणूस. खळ्यावरचे गडी जागीच उभे राहतात. या दिवसांत गोरा माणूस म्हणजे खालशाचा हुकूम घेऊन आलेला अंमलदार असायचा. पण याच्याजवळ हुकूम नाही, हातोडी आहे. तो स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी. १८४५ पासून नागपूर-कामठी भागात शाळा चालवतो, मराठी बोलतो आणि सवड मिळाली की दगड फोडतो. छिंदवाड्यापलीकडच्या उमरेठचे कोळशाचे थर आणि नागपूरच्या दगडांतले झाडपाल्याचे ठसे यांचं नातं जुळवणारा त्याचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापून येईल. खळ्यावरची ही गाठ मात्र आपण कल्पनेनं घालतो आहोत. माणूस खरा, काळ खरा, आणि नागपूर-छिंदवाडा ही वाटही खरी.

साहेब खळ्याच्या कडेला बसतो. तिवईवर उभे राहून तुम्ही सूप हलवता. वारा भूस उडवून नेतो, दाणे सरळ खाली पडतात. पाहता पाहता त्याचा चेहरा उजळतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची शिकवण त्याला आठवली असणार. पावणेतीन हजार मैलांवरच्या, अठराशे वर्षांपूर्वीच्या पॅलेस्टाइनमधलं खळं त्याला इथं जसंच्या तसं मिळालं आहे.

"पाटील," तो म्हणतो, "देवही एक दिवस असंच खळं साफ करील. दाणे कोठारात जातील, भूस आगीत."

पाटील थांबतात. "आगीत? काहून?"

"भूस काय कामाचं?"

"साहेब, कुटार कोनी जाळते का? उन्हाळ्यात बैलं काय खातीन मंग? तुरीच्या कुटारासाठी घरात निराळी खोली ठेवली हाये आम्ही."

गडी हसतात. तुम्हीही हसता. साहेब क्षणभर गप्प बसतो आणि मग तोही हसतो. मग विचारतो, "ज्वारीच्या धांड्याचं काय करता?" कडब्याचं कळतं. पऱ्हाटीचं काय? चुलीत जाते. कपाशीची सरकी? ती म्हशीला. हळूहळू तुमच्या लक्षात येतं की प्रवचन बाजूला पडलं आहे आणि साहेबच विद्यार्थी झाला आहे.

परदेशात गेलेल्या मिशनऱ्यांची जुनी पत्रं वाचली की एक खोड हमखास दिसते. विहिरीवर बाई दिसली की त्यांना जिवंत पाण्याची आठवण होते, मेंढरं दिसली की चांगल्या मेंढपाळाची, वाट चुकली की अरुंद दाराची. धडा आधीच ठरलेला असतो, गाव फक्त उदाहरण पुरवतं. विहिरीवरच्या त्या बाईचं नाव पत्रात नसतं, आणि तिच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का हेही नसतं. येशूचे दाखले असे नव्हते. पेरणारा, खमीर, हरवलेलं नाणं, द्राक्षमळ्यातली मजुरी या गोष्टी सांगणारा माणूस ऐकणाऱ्यांच्याच गावचा होता. दाखल्यात चूक झाली असती तर गॅलिलीच्या शेतकऱ्यांनी तिथंच धरली असती. सौंसरच्या पाटलांनीही आज तेच केलं. परक्या मुलखातल्या माणसाला ही दुरुस्ती लागतेच. ती मिळेल एवढा वेळ तो खळ्यावर थांबतो का, हाच प्रश्न असतो.

ऊन कलल्यावर साहेब नाल्याच्या काठी जातो. तुम्ही कुतूहलानं मागे जाता. तो काळा दगड फोडतो, आतून बघतो, फेकतो, पुन्हा फोडतो.

"गोट्यात काय पाह्यता साहेब?"

तो खिशातून एक तुकडा काढतो. दगडातच दगड झालेली गोगलगाय. १८५१ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळीला अशा शिंपल्या सापडल्या. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, ज्वालामुखीच्या तप्त रसाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात! म्हणजे एक थर निवल्यावर इथं तळं साचलं, त्यात जीव नांदले, आणि मग वरून दुसरा लोट आला. साहेब हे समजावतो तेव्हा त्याच्या आवाजात भीती नसते. दगडाचं वय त्याच्या श्रद्धेला जाचत नाही. त्याच्याच चर्चमधला ह्यू मिलर, पाथरवटाचा भूवैज्ञानिक झालेला माणूस, तिकडे स्कॉटलंडमध्ये खडकांतले मासे शोधतो आणि चर्चच्या बाजूनं वर्तमानपत्रही चालवतो. दगड जे सांगेल ते आधी नीट ऐकायचं, ही या लोकांची शिस्त आहे. पुढे टाकळीच्याच एका हिरव्या खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव मिळेल.

रात्री गावाबाहेर शेकोटी पेटते. गोंडांच्या वस्तीतला प्रधान, म्हणजे त्यांचा गाणारा भाट, किंगरी घेऊन बसतो आणि लिंगोची कथा गातो. तुम्हाला गोंडी येत नाही. शेजारचा एक जण मराठीत सांगत राहतो. लिंगोवर भावजयांनी खोटा आळ घेतला. भावांनी त्याला रानात नेऊन मारलं. देवानं अमृत पाठवलं आणि लिंगो उठला. मग तो गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवायला निघाला.

तुम्ही साहेबाकडे बघता. पोटीफराच्या बायकोनं योसेफावर घेतलेला आळ, त्याला विकणारे भाऊ, मरणातून उठणारा सोडवणारा: हे सगळं त्याला बालपणापासून पाठ आहे. "हा तर आमचाच येशू" असं म्हणून गाणं थांबवायला त्याला सोपं गेलं असतं. लिंगो मात्र लिंगोच आहे. त्याच्या कथेत महादेव आहे, प्रचंड पक्षी आहे, नाग आहे, आणि शेवटी गोंडांची कुळं ठरवून देणारा गुरू आहे. यातलं काहीही बायबलमध्ये बसत नाही. शेकोटीच्या उजेडात लेखणी चालू लागते. प्रधान म्हणतो ते गोंडीतच उतरत जातं.

आता नऊ वर्षं पुढे चला. ४ सप्टेंबर १८६३, बोरीजवळचं टाकळघाट. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल आणि हिस्लॉप तिथली प्राचीन शिळावर्तुळं खणून बघतात. संध्याकाळी टेंपल तळावर परततात. हिस्लॉप एक गावशाळा तपासायला मागे राहतो. अंधारात घोड्यावरून निघालेला हा माणूस पुरानं फुगलेल्या नाल्यात बुडतो. घोडा एकटाच पोचतो. त्या दिवशीही त्याचं काम तेच होतं: दगड आणि शाळा.

त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेले लोक थोडेच होते. त्याच्या शाळेतून १८८३ मध्ये नागपूरचं हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं. गोंडांमध्ये पुढे स्वीडनचे लुथरन मिशनरी आले, आणि त्यांच्या कामातून वाढलेल्या मध्य प्रदेशातल्या लुथरन चर्चचं मुख्य ठाणं आजही छिंदवाड्यात आहे.

हिस्लॉपचे कागद टेंपलनी १८६६ मध्ये छापले. त्यात प्रधानाचं गाणं गोंडी शब्दांसकट आहे. गोंडांना ख्रिस्ताकडे आणायला निघालेल्या माणसाच्या हातून लिंगोची कथा गोंडांच्याच भाषेत कागदावर आली. काही धर्मबांधवांना हे उलटं झालं असं वाटेल. पण शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष न देण्याची आज्ञा मोशेच्या पाटीवर आहेच, आणि शेजाऱ्याचे देव कसे आहेत ते लिहितानाही ती लागू होते. हिस्लॉपनं परमुलखात पाळलेला धर्म बहुतेक हाच होता.