अध्यक्षपदाची पाळी : सेवासंस्थांच्या इतिहासातील एक परंपरा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेची वास्तू, देणगीदार आणि उपक्रम यांचा आढावा स्वाभाविकपणे घेतला जातो. परंतु या सर्वांना आधारभूत असणाऱ्या एका प्रश्नाकडे सहसा लक्ष जात नाही. संस्थेचे नेतृत्व एका हातातून दुसऱ्या हातात कसे जाते, हा तो प्रश्न होय. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या न्यासाने त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

ठरावीक मुदतीसाठी अध्यक्षपद स्वीकारावे आणि मुदत संपताच पुन्हा सामान्य सभासद व्हावे, ही रीत आधुनिक सेवा क्लबांनी जगभर रूढ केली. दि. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात चार गृहस्थ एकत्र आले. पॉल हॅरिस हे वकील, सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी, गस्टेव्हस लोअर हे खाण अभियंता, तर हायरम शोरी हे शिंपीकामाचा व्यवसाय करणारे. बैठक प्रत्येकाच्या कचेरीत आळीपाळीने भरवावी असे ठरले आणि त्यावरूनच 'रोटरी' हे नाव पडले. विशेष म्हणजे ज्यांची ही कल्पना, ते हॅरिस पहिले अध्यक्ष झाले नाहीत. तो मान कोळशाचे व्यापारी शील यांना मिळाला आणि हॅरिस यांची पाळी नंतर, १९०७ साली आली. १९१७ साली स्थापन झालेल्या लायन्स संघटनेतही असेच घडले. प्रवर्तक मेल्व्हिन जोन्स यांनी चिटणीसपद सांभाळले आणि अध्यक्षपद डॉ. वुड्स यांच्याकडे गेले.

ही परंपरा भारतातही रुजली. १९१९ साली कलकत्त्यास आणि १९२९ साली मुंबईस रोटरी क्लब सुरू झाला, तर १९५६ साली लायन्स चळवळ मुंबईत आली. रोटरीचे जागतिक अध्यक्षपद आतापर्यंत चार भारतीयांनी भूषविले आहे. कलकत्त्याचे नीतीश लाहिरी (१९६२-६३), चंदीगडचे राजेंद्र साबू (१९९१-९२), वापीचे कल्याण बॅनर्जी (२०११-१२) आणि कोलकात्याचे शेखर मेहता (२०२१-२२) हे ते चौघे होत. प्रत्येकाच्या वाट्याला एकच वर्ष आले.

एका वर्षात काय साधणार, असा आक्षेप येथे घेतला जातो. पोलिओ निर्मूलनाचा इतिहास त्यास समर्पक उत्तर देतो. रोटरीने १९८५ साली या कार्याचा जागतिक संकल्प सोडला. भारतातील अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. या काळात रोटरीचे जवळजवळ तीस जागतिक अध्यक्ष बदलले, परंतु संकल्प बदलला नाही. शासन, आरोग्यसेवक आणि इतर संघटना यांच्यासमवेत हे कार्य अखंड चालू राहिले.

अशा सातत्याची व्यवस्था क्लबाच्या रचनेतच असते. प्रस्तुत लेखकास एका सेवा क्लबाचे अध्यक्षपद वर्षभर सांभाळण्याचा योग आला, तेव्हा हे जवळून पाहता आले. पुढील वर्षाचे अध्यक्ष आधीच निवडले जातात व कार्यकारिणीत बसून काम पाहतात. मावळते अध्यक्षही सल्ल्यासाठी उपलब्ध असतात. ३० जूनला वर्ष संपते, हिशेब पुरा होतो आणि १ जुलैपासून नव्या अध्यक्षांचा कारभार सुरू होतो. पदग्रहण समारंभातील हारतुऱ्यांपेक्षा रोजमेळ, पावतीपुस्तके, सभावृत्तांत आणि अपुऱ्या कामांची यादी सुपूर्द करणे अधिक मोलाचे असते. जुन्या पेढीवर वडील गादी सोडण्यापूर्वी मुलास खातेवही समजावून देत, त्याच जातीचा हा व्यवहार आहे.

जैन समाजास हा विचार परका नाही. श्रमणसंघाची धुरा सुधर्मास्वामींकडून जंबूस्वामींकडे गेली, हे दोन्ही परंपरांना मान्य आहे. व्यक्ती बदलल्या, पण संघ टिकला. अर्वाचीन काळातील उदाहरण दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे. निपाणीजवळील स्तवनिधी येथे १८९९ साली तिची स्थापना झाली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे कार्यकर्ते तिला लाभले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. सभेचे पदाधिकारी पिढ्यान्‌पिढ्या बदलले, तरी तिचे नाव व कार्य सव्वाशे वर्षांनंतरही चालू आहे.

अर्थात न्यास आणि क्लब यांत भेद आहे. न्यासाकडे स्थावर मालमत्ता व ठेवी असतात, त्यामुळे तेथे वर्षावर्षाला कारभारी बदलणे सोयीचे नाही. परंतु मुदतच नसणे हेही तितकेच गैरसोयीचे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार विश्वस्तांत बदल झाल्यास नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. ज्या संस्थांत पद सोडण्याची रीतच नसते, तेथे हा अर्ज बहुधा कोणाच्या तरी निधनानंतरच करावा लागतो. त्या वेळी कागद कोठे आहेत आणि बँकेत सही कोणाची, येथून प्रारंभ होतो.

आपल्या शेंद्रा परिसरास हा विषय अधिक लागू पडतो. जालना मार्गावरील हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे पालटले आणि २०१९ साली ऑरिक नगरीच्या लोकार्पणाने त्यास नवी ओळख मिळाली. कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे काही वर्षे राहतात व बदली होताच जातात. त्यांतील तरुणांना आजन्म विश्वस्तपद झेपणारे नाही, परंतु दोन-तीन वर्षांची निश्चित जबाबदारी ते आनंदाने स्वीकारतील. जुनी घराणी मालमत्तेची राखण करतील आणि नवे हात वर्षाचे उपक्रम चालवतील, अशी वाटणी सहज शक्य आहे.

म्हणून या मंगलप्रसंगी नम्र सूचना अशी की, न्यासाने अध्यक्ष व चिटणीस या पदांना निश्चित मुदत घालून द्यावी. पुढील पदाधिकारी एक वर्ष आधी नेमावेत आणि प्रत्येक हस्तांतराच्या वेळी दप्तराची यादी सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावी. ज्येष्ठ विश्वस्तांनी पन्नास वर्षे संस्था जपली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. आपल्या हयातीत, आपल्या देखत, ती पुढील पिढीच्या स्वाधीन करण्याचे समाधानही त्यांनाच लाभावे, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!