वेबपानाची बाराखडी

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर लागते. अशा तालुक्याच्या गावी आता कॉलेजातली मुले संगणक शिकतात, आणि वेबपान कसे तयार करावे हा त्यांचा सुरुवातीचाच धडा असतो. मुलगा घरी जाऊन वडिलांना सांगतो, "मी वेबपान केले." वडील विचारतात, "म्हणजे काय केलेस रे बाबा? आणि त्याचा आपल्याला उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. इतिहासाच्या मास्तराने त्याचे उत्तर इतिहासातून द्यावे, म्हणून आजचे हे भाषण.

आपल्या ओळखीच्या कागदापासून सुरुवात करू. सातबाराच्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो. जमीन या नावावर कशी आली, वारसाने की खरेदीने, हे पाहायचे असेल तर तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहाची वही उघडावी लागते. एका कागदाने दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवायचे, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. आता अशी कल्पना करा, की त्या क्रमांकावर नुसते बोट ठेवले आणि फेरफाराचे पान समोर उघडले! वेबचा सगळा प्राण एवढ्या एका गोष्टीत आहे.

ही गोष्ट घडली स्वित्झर्लंडमध्ये. जिनिव्हाजवळ सर्न नावाची अणुविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे देशोदेशींचे हजारो शास्त्रज्ञ येत, काम करीत आणि निघून जात. प्रत्येकाचा संगणक निराळा, टिपणे ठेवण्याची तऱ्हा निराळी. माणूस गेला की त्याच्याबरोबर माहितीही जाई. टिम बर्नर्स-ली या तरुण इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९८९ साली वरिष्ठांपुढे एक योजना मांडली : कागद कोठेही असो, त्याला एक पत्ता द्यावा, आणि कोणत्याही कागदातून दुसऱ्या कोणत्याही कागदाकडे जाता यावे. १९९० च्या अखेरीस पहिले पान चालू झाले. १९९१ साली ते बाहेरच्या जगाला पाहता येऊ लागले.

यानंतरची तारीख मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले, की ही विद्या सर्वांना खुली आहे. तिच्यासाठी कोणी आम्हाला पैसा देऊ नये. आमच्या भागात साल सांगायचे तर भूकंपाच्या आधी की नंतर, असे सांगतात. तर किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला. त्याच्या बरोबर पाच महिने आधी हे दान झाले. त्या दिवशी या विद्येवर किंमत लावली गेली असती, तर खेड्यातल्या मुलाला ती फुकट शिकता आली असती का, याचा विचार करून पाहावा.

आता मुले काय शिकतात ते पाहू. पहिली पायरी एचटीएमएल. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, अशा खुणा मजकुराला घालणे म्हणजे एचटीएमएल. दुसरी पायरी सीएसएस. शीर्षक लाल की निळे, अक्षर लहान की मोठे, हा साजशृंगार तिचा. हाकोन व्ह्यूम ली या नॉर्वेच्या गृहस्थाने १९९४ साली ती सुचविली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिला मान्यता मिळाली. तिसरी पायरी जावास्क्रिप्ट. पान पाहणाऱ्याने काही विचारले तर उत्तर देण्याची करामत तिची. ब्रेंडन आइक याने १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला.

अर्थ आणि साज निराळे का ठेवले, असे कोणी विचारील. याचे एक कारण रेडिओ ऐकणाराला चटकन पटेल. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी संगणक पान मोठ्याने वाचून दाखवितो. आता मुलाने शीर्षकाला शीर्षकाची खूण न घालता नुसती अक्षरे मोठी केली, तर डोळस माणसाला ते शीर्षक वाटेल. ऐकणाराला मात्र साऱ्या ओळी सारख्याच. तेव्हा खूण नीट घालणे हा नुसता परीक्षेचा नियम नव्हे, तो माणुसकीचाही आहे.

आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आणि लगेच मराठीची अडचण पुढे आली. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी अक्षरांचे आकडे आधीच ठरलेले होते. मराठीसाठी निरनिराळ्या मंडळींनी एक युक्ती काढली : इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. कागदावर छापले की सुंदर मराठी दिसे. पण तो अक्षरसंच दुसऱ्याच्या संगणकावर नसला, की त्याला इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक खिचडी दिसे.

येथे मला महानुभावांच्या पोथ्यांची आठवण होते. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे त्या पंथाचेही तीर्थस्थान. या मंडळींनी आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ नावाची सांकेतिक लिपी वापरली. एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर किंवा खूण लिहावयाची, ही तिची रीत. किल्ली ज्याच्यापाशी त्यालाच पोथी उघडे. त्यामुळे लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ शतकानुशतके बाहेरच्या वाचकांना अपरिचित राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना किल्ली गवसली, तेव्हा कोठे हे भांडार खुले झाले. महानुभावांनी हे जाणून केले होते. आपण मात्र नकळत आपल्याच मराठीची सकळ लिपी करून बसलो!

यावरचा उपाय हळूहळू आला. भारतीय लिपींसाठी इस्की नावाचे सरकारी मानक १९९१ साली नव्याने ठरले. त्याच वर्षी जगातील लिपींसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा एक गाळा मिळाला. त्यात प्रत्येक अक्षराचा आकडा कायमचा. आपले 'चाकूर' पाहा. च म्हणजे २३३०, काना २३६६, क २३२५, दीर्घ उकार २३७० आणि र २३५२. हे पाच आकडे या क्रमाने कोठेही पाठवा, पुण्यात, दुबईत की न्यू जर्सीत, तेथे चाकूरच उमटेल. आणि कोणी चाकूर हा शब्द शोधला तर तो सापडेलही. १ मे २००३ पासून चालू झालेला मराठी विकिपीडिया उभा आहे तो याच पायावर.

पण काम संपलेले नाही. जुन्या अक्षरसंचांत टंकलेला मजकूर आजही ठिकठिकाणी पडून आहे. शाळांचे अहवाल आहेत, स्मरणिका आहेत, सेवा सोसायट्यांची इतिवृत्ते आहेत, गावच्या यात्रेची माहिती आहे. ज्या संगणकावर ते टंकले तो बिघडला आणि अक्षरसंच हरवला, की गावचा एवढा इतिहास मुका झाला. तो युनिकोडमध्ये नेणारी साधने मिळतात. मात्र रूपांतर झाले म्हणजे मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहावी, कारण जोडाक्षरांत आणि रफारांत चुका राहतात. हे काम यंत्राला एकट्याला साधत नाही. मराठी नीट जाणणारा माणूस शेजारी लागतो. शिक्षक बंधुभगिनींनो, तो माणूस म्हणजे आपण.

एवढ्यासाठी माझी शिक्षकांना एक विनंती आहे. संगणकाच्या तासाला मुले सरावाचे पहिले पान करतात, तेव्हा पुस्तकातले इंग्रजी वाक्य उतरवून घेण्यावर थांबू नका. त्यांना आपल्या गावाचे पान मराठीत करावयास सांगा. गावाचे नाव कसे पडले, विहिरी कोणत्या, पूर्वी ज्वारीचे कोणते वाण पेरीत, हे घरच्या आजी-आजोबांना विचारून लिहू द्या. पानाच्या आरंभी त्याची भाषा मराठी असल्याची खूण घालावयास लावा, म्हणजे वाचून दाखविणारे यंत्र मराठी उच्चार करील. शेवटी एक परीक्षा घ्या. पान निराळ्याच फोनवर उघडा, आणि गावाचे नाव टंकून त्यात शोधा. नाव सापडले तर मुलाला उत्तीर्ण समजा, आणि ते पान त्याच्या वडिलांना अवश्य दाखवा. उपयोग काय, असे त्यांनीच विचारले होते.