कमवा आणि शिका

श्रमाच्या मोबदल्यात निवास, भोजन व शिक्षण मिळवण्याची कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी रुजवलेली पद्धती. रयत शिक्षण संस्थेची स्थापना त्यांनी १९१९ साली काले (ता. कराड) येथे केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकाच पंगतीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम आपसांत वाटून घेत. १९२७ मध्ये म. गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. मुलांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. शिष्यवृत्ती फी भागवते. पोटाचा आणि राहण्याचा प्रश्न उरतोच, हे भाऊरावांनी फार लवकर ओळखले होते. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढून हीच रीत त्यांनी महाविद्यालयापर्यंत नेली.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत येथे रयतची महाविद्यालये आहेत. यांपैकी कर्जत अवर्षणप्रवण भागात येते. तिथे पाऊस हुकला की विद्यार्थ्यांना घरून येणारे पैसेही थांबतात आणि पोटाचा व राहण्याचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ भाऊरावांच्याच नावाने ‘कमवा आणि शिका’ योजना चालवते. पुणे, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थी तासांच्या हिशेबाने ग्रंथालय, कार्यालय, बागकाम अशी कामे करतात. मानधन मिळते, मात्र मूळ प्रयोगाचा गाभा असलेले सहजीवन त्यात अनिवार्य नाही.