मांजराला चिप आहे, पण तिच्यावरचा फोन नंबर चालू आहे का?

ईदला गावी निघायची घाई. सामान खाली नेताना दार उघडे राहते आणि मांजर जिन्यावरून पसार होते. गळ्यातला पट्टा तुटून पडू शकतो, त्वचेखालची मायक्रोचिप मात्र सहसा जागेवरच राहते. म्हणून अनेकजण चिप बसवून घेतात. पण चिप बसवली म्हणजे काम झाले, हा मोठा गैरसमज आहे.

चिप म्हणजे नेमके काय?

तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. जनावरांचे डॉक्टर ती सुईने दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. साधारणपणे भूल द्यावी लागत नाही. चिपमध्ये बॅटरी नसते, जीपीएसही नसते. त्यामुळे मांजर कुठे आहे, हे मोबाईलवर दिसत नाही. स्कॅनर जवळ नेला की फक्त एक क्रमांक उमटतो. आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपमध्ये तो १५ आकडी असतो. त्यात तुमचे नाव, पत्ता, फोन काहीच नसते.

मग फोन कसा येतो?

तो क्रमांक एखाद्या डेटाबेसमध्ये तुमच्या नावावर नोंदलेला असेल आणि तिथला फोन चालू असेल, तरच. चिप बसवतानाच डॉक्टरांना विचारा: नोंदणी कुठे होते? ती तुम्ही करता की आम्ही करायची? क्रमांकाचे स्टिकर लसीकरणाच्या पुस्तिकेत चिकटवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. महापालिकेचा परवाना ही वेगळी बाब आहे. चिप आहे म्हणून तो आपोआप मिळत नाही.

माहिती कधी बदलायची?

– भाड्याचे घर बदलले की
– मोबाईल नंबर बदलला की
– मांजर दुसऱ्याला दिले किंवा दुसऱ्याकडून घेतले की
– मांजर हरवले किंवा वारले की

घरातल्या आणखी एकाचा नंबरही द्या. अब्बूंचा फोन बंद असला तरी दुसऱ्याचा लागेल.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला २० आठवड्यांचे होण्याआधी चिप बसवणे आणि माहिती अद्ययावत ठेवणे सक्तीचे आहे. चिप नसल्यास २१ दिवसांची मुदत मिळते, नंतर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. इथून मांजर तिकडे न्यायचे असेल तर आधी चिप, मग रेबीजची लस. क्रम चुकला तर लस पुन्हा द्यावी लागते.

अनोळखी मांजर सापडले तर?

लगेच आपले म्हणून ठेवून घेऊ नका. आधी दवाखान्यात नेऊन स्कॅन करून घ्या. कुणाच्या तरी घरात मुले त्याची वाट पाहत असतील.

आज एवढे तरी करा: पुस्तिका काढा, क्रमांक शोधा आणि त्यापुढे नोंदलेला फोन अजून तुमचाच आहे ना, ते तपासा.