मावळलेले इंग्रजी शब्द

पहाटेपूर्वी जाग यावी आणि काळजी उशाशी येऊन बसावी, या अनुभवाला प्राचीन इंग्रजीत 'उख्तचेआरू' असा एक शब्द होता. उपलब्ध साहित्यात तो केवळ एकदाच आढळतो. बिशप लिओफ्रिकने एक्सेटरच्या कॅथीड्रलला दिलेल्या हस्तलिखितात एका विरहिणीचे काव्य आहे, त्यात.

असे विस्मृत शब्द गोळा करण्याची हौस जुनी आहे. मात्र या संग्रहांत दोन भिन्न कुळींचे शब्द एकाच पंक्तीला बसविले जातात, हे मला खटकते. हेन्री कॉकरमने १६२३ साली प्रसिद्ध केलेल्या कोशाच्या एका भागात साध्या शब्दांसमोर लॅटिन वळणाचे भारदस्त पर्याय दिले आहेत. त्यांतील कित्येक शब्द कोशाबाहेर फारसे वावरलेच नाहीत. जे जगलेच नाहीत, त्यांचा शोक कशासाठी करावयाचा?

'सेनाइट' मात्र खराखुरा जगला. सात रात्रींचा म्हणजे आठवड्याचा वाचक असलेला हा शब्द शेक्सपिअरपासून जेन ऑस्टिनपर्यंत भेटतो. त्याचा जोडीदार, पंधरवड्याचा वाचक 'फोर्टनाइट', टिकला, हा गेला. (आपण सात दिवसांना आठवडा म्हणतो, तेव्हा हसण्याचे कारण नाही.)

खरा प्रश्न प्रतिष्ठेचा आहे. लँकेशरमधील गिरणीकामगार उपासमारीने कळवळलेल्या माणसाला 'क्लेम्ड' म्हणत. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'मेरी बार्टन' (१८४८) या कादंबरीत मँचेस्टरच्या कामगारांच्या तोंडी हा शब्द आला, तेव्हा तळटीप देऊन बेन जॉन्सनची साक्ष काढावी लागली. भुकेल्याच्या शब्दालाही कुलीनतेचा दाखला हवा होता! विल्यम गॅस्केल यांनी तर त्या बोलीवर दोन व्याख्याने दिली. १८५४ पासून ती कादंबरीला जोडली गेली.

या शब्दांना कोशात मानाचे स्थान देणारा जोसेफ राइट हा स्वतः बालपणी यॉर्कशरच्या गिरणीत राबलेला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हते. पुढे तो ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचा सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश १८९८ ते १९०५ या काळात पूर्ण झाला. थंडी न सोसणाऱ्या माणसासाठी असलेला 'नेश' हा प्राचीन शब्दही त्यात नोंदलेला आहे. इंग्लंडच्या मध्य आणि उत्तर भागात तो आजही ऐकू येतो, बहुधा चिडविण्यासाठी.