सोलीव आणि स्किनलेस

कोल्हापुरात मटणाच्या दुकानात इंग्रजीचं फारसं काम पडत नाही. सीना, मांडी, नळी, गर्दन, वजडी. एक ‘चाप’ तेवढा ‘चॉप’वरून आलाय, पण तो कधीच इथला होऊन बसला. ‘बिनकातड्याचं द्या’ असं कुणी म्हणत नाही, कारण बकरं सोलूनच टांगलेलं असतं. कातडं राहतं ते मुंडी-पायांवर, आणि ते भाजून घ्यायचं असतं.

शेजारच्या चिकन सेंटरच्या फळ्यावर मात्र दोन भाव: ‘विथ स्किन’ आणि ‘स्किनलेस’. गावरान कोंबडं घरी कापायचं तर गरम पाण्यात बुडवून पिसं उपटायची, उरलेली लव जाळावर धरायची, मग हळद चोळायची. एवढा उटारेटा ब्रॉयलरसाठी कोण करणार? मानेपाशी बोटं घालून ओढलं, की पिसांसकट कातडं बंडीसारखं उतरतं. तेवढं वजन घटतं, म्हणून किलोचा भाव चढतो. एकाच कोंबडीचे असे दोन भाव झाले, तेव्हा विशेषण लागलं.

‘स्किन’ हा शब्द मुळात इंग्रजांचाही नव्हे. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांनी तो तिकडे नेला, तोही जनावराच्या कातड्यासाठी. इंग्रजांचा घरचा शब्द ‘हाइड’. शेपटीचा ‘लेस’ही ‘कमी’वाला नाही. तो ‘लूज’चा भाऊबंद, म्हणजे मोकळा, सुटलेला.

मराठीत झाडाफळाला साल, जनावराला कातडं. चपलेचं कातडं कमवायला बाभळीची सालच लागते, हा भाग वेगळा. क्रियापद मात्र दोन्हीला एकच: सोलणे. हिंदीतला ‘छ’ आपल्याकडे ‘स’ होतो. छुरीची सुरी, छालची साल, तसंच छोलनाचं सोलणे. याच घरातली गंमत पाहा: सोलाणे म्हणजे साल काढलेला ओला हरभरा, तर सोलकढीतलं ‘सोल’ म्हणजे कोकमाची वाळवलेली सालच. एकात साल गेली, दुसऱ्यात सालच उरली. इंग्रजी ‘स्किन्ड’ही असाच दुतोंडी आहे, सोललेल्या सशालाही तोच, जाड कातडीच्या माणसालाही तोच.

‘स्किनलेस’ला नेमका मराठी शब्द हवा तर ‘सोलीव’ आहे. पण चिकनच्या दुकानात जाऊन ‘अर्धा किलो सोलीव द्या’ म्हणून बघा. उत्तर येईल, “भावा, लसूण मंडईत मिळतोय.”