दवंडी आणि नोंदवही

या नगरास मराठी माणूस इंदूर म्हणतो व हिंदी भाषक इंदौर. तथापि टपाल चुकत नाही, कारण दोन्ही नावे टपालकचेरीस ठाऊक असतात. संगणकांच्या जाळ्यातही नावावरून ठिकाण सांगणारे कोणी तरी लागतेच. हे काम दोन रीतींनी होत आले असून त्यांतील जुनी रीत आता निरोप घेत आहे.

जुनी रीत दवंडीची. १९८३ साली सायटेक कंपनीने आयबीएमसाठी नेटबायॉस रचले. ‘अमुक नावाचे यंत्र कोणते?’ असे एक यंत्र सर्वांस विचारी आणि त्या नावाचा धनी उत्तर देई. दवंडी वेशीपलीकडे पोचत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये तिच्या जोडीस विन्स नावाची यादी दिली. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी आरंभलेल्या सांबाने युनिक्स यंत्रांनाही विंडोजची ही बोली शिकविली.

दुसरी रीत नोंदवहीची. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्येच डीएनएस मांडले. विंडोज २००० पासून फायलींच्या देवघेवीस नेटबायॉसची गरज उरली नाही. जुन्या यंत्रांखातर मात्र दवंडी चालूच राहिली.

तिचा दोष असा की, हाकेला ‘मीच तो’ असे कोणीही म्हणू शकतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईस त्याने घोर लावला. जाळ्यातील तोतया हाक मारणाऱ्याकडून परवलीच्या शब्दाची खूण काढून घेऊ शकतो.

मग दवंडी तत्काळ बंद का करू नये? समजा, सियागंजातील एका पेढीवर नवी विंडोज यंत्रे, सांबाचे भांडार व एक जुने नक्कलयंत्र आहे. महिनाअखेरीस जुनी सेवा अचानक थांबविली, तर नक्कलयंत्रास भांडार सापडणार नाही आणि पडद्यावरील शेजारी यंत्रांची यादीही अपुरी दिसू शकेल. खातेवह्या शाबूत असूनही हरवल्याचा आकांत होईल. म्हणून १३७ क्रमांकाच्या द्वारावर अद्याप कोण हाक मारतो, हे काही दिवस पाहावे. ती नावे डीएनएसमध्ये नोंदवावीत. आणि मगच एकेका विभागातून नेटबायॉस बंद करावे.

विंडोज सर्व्हर २०२५ नंतरच्या आवृत्त्यांत विन्स असणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. दवंडी थांबणारच आहे. तत्पूर्वी प्रत्येक नाव वहीत चढले आहे ना, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.